बाळासाठी येणारी ‘सिस्टर’ खरंच नर्स आहे का, हे कसं तपासायचं?

बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसाठी मालीश-आंघोळीला बाई लावण्यात गैर काही नाही. हात बसलेली बाई मिळाली तर माय-लेकरू दोघांनाही आराम पडतो. भानगड होते ती हीच बाई ‘सिस्टर’ म्हणून घरात वावरू लागली की. मग तिच्यापुढे आजी बोलत नाही, आशाताईचं कोणी ऐकत नाही, आणि ‘सिस्टरनं पाह्यलं आहे’ म्हणत दवाखाना दोन दिवस लांबतो. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात दोन दिवस फार होतात.

म्हणून बाई ठरवतानाच कागद मागा. महाराष्ट्रात परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. तो पुरा केल्यावर परिषदेत नाव चढतं आणि नोंदणी क्रमांक मिळतो. नुसती मार्कशीट म्हणजे नोंदणी नव्हे. मोबाइलवरचा फोटो चालवून घेऊ नका, मूळ प्रमाणपत्र पाहा. त्यावर परिषदेचं नाव, क्रमांक आणि नूतनीकरणाची मुदत बघा. नाव आधार कार्डाशी जुळलं नाही तर लगेच खोटं समजू नका. बऱ्याच जणींच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव असतं, तेव्हा लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातला नावबदल मागा. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणाच्या सीमेकडल्या गावांत परराज्याची नोंदणी दाखवली जाते. इथं काम करायला महाराष्ट्राची नोंदणी लागते. शंका असेल तर प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथल्यांच्या नजरेला खोटा कागद लवकर दिसतो.

जास्त गफलत होते ती मधल्या प्रकारात. खासगी दवाखान्यात आया म्हणून लागलेली बाई पाहून-पाहून सलाईन लावायला शिकते. तिथले पेशंटही तिला सिस्टर म्हणतात. काम सुटलं की गावात येऊन ती म्हणते, ‘मी नर्सच आहो, सात वर्षं दवाखान्यात होती.’ दुसरा प्रकार सहा महिन्यांच्या खासगी कोर्सचा. नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर, जनरल ड्युटी असिस्टंट अशी नावं असतात. हे कोर्स मदतनिसाचे आहेत, त्यावर परिषदेची नोंदणी होत नाही. अशी बाई मदतनीस म्हणून खुशाल ठेवा, पण नर्सचे पैसे आणि नर्सचा अधिकार देऊ नका. पांढरा कोट काय, बाजारात कोणालाही मिळतो.

बाई नर्स नसली तरी तिच्यावर राग धरायचं कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या आरोग्यदूत इंजेक्शनही देत, पण ठरलेल्या लक्षणांवर, ठरलेल्या मात्रेत, नोंद ठेवून आणि वरच्यांच्या देखरेखीखाली. घरी येणाऱ्या बनावट सिस्टरवर अशी देखरेख कोणाचीच नसते, तिची चूक पकडायला वर कोणी नाही.

पहिल्याच दिवशी कामाची यादी कागदावर लिहा. मालीश, आंघोळ, लंगोट, कपडे, बाळंतिणीचं खाणं हे तिचं काम. इंजेक्शन, सलाईन, टॉनिक, कुठलेही थेंब, घुटी, गूळपाणी, मध, नाकाकानात तेल, नाळेवर हळद-पावडर आणि पोटावर डाग हे तिचं काम नाही. मेळघाटात ज्याला डंबा म्हणतात, त्या चटक्यानं पोटफुगी उतरत नाही, उलट जखमेतून जंतू आत जातात. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची, बाकी काही लावायचं नाही. बाळाला हात लावण्याआधी तिनं साबणानं हात धुवायचे. नोंदणीकृत नर्सनंसुद्धा घरी आपल्या मनानं अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं, डॉक्टरची चिठ्ठी लागतेच.

विदर्भाचा उन्हाळा आणि शेकशेगडी यांचं जमत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं असताना बंद खोलीत शेगडी आणि बाळाला दोन दुपटी, मग अंग तापणारच. वर बाई म्हणते, ‘ताप आहे, सुई मारते.’ आधी जादा कपडे काढा, खोलीत हवा खेळू द्या, अंगावर पाजा आणि अर्ध्या तासानं काखेत थर्मामीटर लावा. ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त निघालं तर बाळाला दवाखान्यात न्या. ९५.९ च्या खाली असेल तर छातीशी धरून ऊब देत न्या. उन्हाळा आहे म्हणून बाळाला वरचं पाणी पाजायचं नाही. आईच्या दुधात पाणी पुरेसं असतं, फक्त जास्त वेळा पाजा. दूध पुरतंय की नाही, हे लघवीवरून कळतं: पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा वेळा तरी व्हायला हवी.

श्वास बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण नवजात बाळ मधेच थांबून श्वास घेतं. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले, किंवा छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, झटका आला असेल, हलवल्याशिवाय हालचाल करत नसेल, तर बाईचं मत विचारत बसू नका. तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसली तर ‘कोवळं ऊन दाखवा’ यावर थांबू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा इलाज आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. जिल्हा स्त्री रुग्णालयात नवजात बाळांसाठी एसएनसीयू हा खास कक्ष कुठं आहे, ते बाळंतपणाआधीच विचारून ठेवा.

आशाताईला परत पाठवू नका. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. वजन ती करते, ताप ती पाहते, आणि त्याचे पैसे नसतात.

बाईनं काही टोचून झालंच असेल तर रिकामी बाटली, सुई, औषधाची पट्टी फेकू नका. वेळ आणि किती दिलं ते लिहून सगळं डॉक्टरांना दाखवा. बाळाचं निभावल्यावर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. त्यात बाई काय म्हणवून घेत होती आणि तिनं काय दिलं ते तारखेसह लिहा, सोबत पट्टीचा फोटो जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.