कॅन्सरच्या उपचारांदरम्यान झोप लागत नसेल तर काय करावं

उलट्या होतात का, तोंड आलंय का, जेवण जातं का, हे केमोच्या प्रत्येक फेरीला विचारलं जातं. झोपेबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही आणि पेशंटही सांगत नाही. एवढ्या मोठ्या आजारात झोपेचं काय घेऊन बसायचं, असं दोन्हीकडून गृहीत धरलेलं असतं. पण रात्रभर डोळ्याला डोळा न लागणं हा या उपचारांतला अगदी नेहमीचा त्रास आहे, आणि त्यावर बरंच काही करता येतं. पहिल्या दिवसापासून तो डॉक्टरांच्या कानावर घातला पाहिजे.

झोप उडण्याची कारणं दोन प्रकारची असतात. काही आजारातून आणि औषधांतून येतात. काही मात्र झोप भरून काढण्याच्या आपल्या धडपडीतून तयार होतात. पहिल्या प्रकारची कारणं उपचार बदलले की बहुधा कमी होतात. दुसऱ्या प्रकारची मागे राहतात आणि उपचार संपल्यावरही महिनोनमहिने छळतात. म्हणून दोन्हीकडे वेगवेगळं बघायचं.

पायरी १ : दोन आठवडे वही ठेवा

रोज सकाळी पाच मिनिटं काढून लिहा: किती वाजता अंथरुणावर गेलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा आणि कशामुळे जाग आली, किती वाजता उठलात, दिवसा किती वेळ झोपलात. त्याशेजारी प्रत्येक औषधाची वेळ आणि केमोनंतरचा कितवा दिवस आहे तेही टिपा. अंदाज पुरतो, मिनिटांचा हिशोब नको. त्यासाठी रात्री घड्याळ बघू नका. घड्याळ नजरेआड ठेवणं हाच एक उपाय आहे, कारण ‘अडीच वाजले, आता उरले साडेतीन तास’ हे गणित सुरू झालं की उरलीसुरली झोपही जाते. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचे झोपेचे आकडेही फार मनावर घेऊ नयेत.

दोन आठवड्यांत बहुतेकांना काहीतरी ठरावीक चाल दिसते. केमोच्या रात्री आणि पुढच्या एक-दोन रात्री झोप नाही, मग दोन दिवस नुसती झापड, असं चित्र असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

पायरी २ : गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून तपासून घ्या

सगळ्यात मोठा संशयित म्हणजे स्टेरॉइड. उलटी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी केमोबरोबर डेक्सामेथासोन देतात. त्याचा परिणाम शरीरात दीड दिवसाहून जास्त टिकतो. लिम्फोमाच्या काही उपचारांत प्रेडनिसोलोन दर फेरीला सलग ५ दिवस घ्यावं लागतं, मायलोमात डेक्सामेथासोन अनेकदा आठवड्यातून एकदा असतं. या दिवसांत डोकं भणभणतं, बोलणं वाढतं, मध्यरात्री कपाटं आवरावीशी वाटतात. हा तुमचा स्वभाव नाही, औषध आहे. ‘ही गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतली तर चालेल का? दोनदा घ्यायची असेल तर दुसरी दुपारच्या जेवणाबरोबर घेता येईल का?’ एवढं विचारा. पुष्कळदा उत्तर ‘हो’ येतं. मात्र स्टेरॉइड स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करायचं नाही. ते अचानक थांबवणं धोक्याचं असू शकतं.

इतर गोळ्यांकडेही बघा. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी असेल तर रात्रभर उठणं ओघानं आलंच, ती सकाळी हलवता येईल का विचारा. मेटोक्लोप्रामाइडसारख्या उलटीच्या गोळीने काहींना अशी अस्वस्थता येते की पाय जागेवर राहत नाहीत, बसवत नाही आणि पडवतही नाही. ही चिंता वाटते, पण असते गोळीची करामत. असं झालं तर लगेच सांगा, पर्यायी औषधं आहेत. पहाटे दुखण्याने जाग येत असेल तर वेदनेच्या औषधाचा असर मधेच संपत असेल. जास्त वेळ टिकणारं औषध मिळू शकतं. दुखणं सहन करत पडून राहण्यात काही शौर्य नाही.

पायरी ३ : झोपमोड करणाऱ्या त्रासांवर वेगळे उपचार घ्या

स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल घेणाऱ्या आणि प्रोस्टेटसाठी हार्मोनचे उपचार चालू असणाऱ्या अनेकांना रात्री अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो. जाड पांघरुणाऐवजी पातळ दोन-तीन घ्या, म्हणजे एकेक काढता येतं. सुती कपडे घाला, बदलायचा जोड हाताशी ठेवा. तरी भागत नसेल तर या वाफांवर औषधं आहेत. पण पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात, त्यामुळे दुसऱ्या कुणी डॉक्टरांनी मनाच्या आजारासाठी गोळी लिहून दिली तर कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

लघवीसाठी सारखं उठावं लागतं म्हणून पाणीच कमी पिणं चुकीचं. सिस्प्लॅटिन आणि सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांच्या वेळी भरपूर पाणी गरजेचं असतं. पाणी तेवढंच, फक्त त्यातलं बरंचसं संध्याकाळच्या आत. छातीत जळजळ होत असेल तर डोक्याकडची बाजू उंच करा. पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर लोहाची तपासणी करून घ्या. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणं हे घरच्यांनी सांगितलं, तर झोपेची गोळी घेण्याआधी त्याचीच तपासणी करायला हवी.

पायरी ४ : थकवा आणि झोप यांत फरक करा

माझ्या मते अर्ध्याहून जास्त गोंधळ इथेच होतो. कॅन्सरचा थकवा म्हणजे हातपाय गळून जाणं, अंगात त्राण नसणं. झोप येणं म्हणजे पापण्या जड होणं, वाचताना ओळ निसटणं. थकलेल्या माणसाला झोप आलेलीच असते असं नाही. पण घरचे प्रेमाने म्हणतात, ‘पड जरा, आराम कर,’ आणि पेशंट दिवसातले दहा-बारा तास पलंगावर काढतो. त्यातले निम्मे तास जागं राहून. हळूहळू शरीर शिकतं की पलंग ही जागं राहून विचार करत बसण्याची जागा आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये यावर एक साधी पद्धत मांडली, जी आजही निद्रानाशाच्या उपचाराचा कणा आहे. पलंग फक्त झोपेसाठी. डोळ्यांवर झोप आली की मगच आडवं व्हायचं. साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं की उठून दुसरीकडे बसायचं, मंद उजेडात काहीतरी संथ करायचं, आणि झापड आली की परत यायचं. वाचणं, फोन, टीव्ही, भेटायला आलेल्यांशी गप्पा, हे सगळं पलंगाबाहेर. दिवसाचा आराम आरामखुर्चीत किंवा दुसऱ्या खोलीतल्या गादीवर.

उपचार चालू असताना हा नियम थोडा सैल करावा लागतो. चक्कर येत असेल, प्लेटलेट्स कमी असतील, ऑपरेशननंतर नळ्या असतील तर अंधारात उठून फिरणं नको. पलंगाशेजारी खुर्ची, हलकं पांघरूण आणि मंद दिवा आधीच मांडून ठेवा. तेवढीही ताकद नसेल त्या दिवशी उशांना टेकून पलंगावरच बसा. ‘झोपण्यासाठी आडवं, जागं असताना बसून’ एवढा फरकही पुष्कळ काम करतो.

पायरी ५ : उठायची वेळ पक्की करा

रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. लवकर झोपायला जाऊन झोप वाढत नाही, फक्त जागरण वाढतं. उठल्यावर उघड्यावर किंवा खिडकीपाशी भरपूर उजेडात बसा. शरीराचं घड्याळ त्याने लागतं. जमेल तेवढं चाला, मग ते घरातल्या घरात दहा मिनिटं का असेना. हलका व्यायाम थकवाही कमी करतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी, गजर लावून. केमोनंतरच्या वाईट दोन दिवसांना यातून सूट. चहा-कॉफी दुपारनंतर बंद, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो.

पलंगावरचा एकूण वेळ मुद्दाम कमी करून झोप गाढ करण्याचीही एक पद्धत आहे. ती गुणकारी आहे, पण उपचार चालू असताना ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावी. फिट्स येणाऱ्यांनी किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी स्वतःहून करूच नये.

पायरी ६ : विचारांना संध्याकाळची वेळ द्या

स्कॅनच्या आदल्या रात्री, रिपोर्टची वाट बघताना झोप उडणारच. ती आणायची जबरदस्ती करू नका. संध्याकाळी पंधरा मिनिटं बसून डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा: भीती, पैसे, मुलं, राहिलेली कामं. ज्यावर उद्या काही करता येईल त्यापुढे एक छोटं पाऊल लिहा, बाकीच्यापुढे काही नाही. रात्री तोच विचार आला की ‘तो वहीत आहे’ एवढंच स्वतःशी म्हणा. पहिले काही दिवस हे पोरकट वाटतं, तरी चालू ठेवा.

झोप झाली नाही म्हणून केमो लागू पडणार नाही, ही भीती अनेकांना असते. थोड्या वाईट रात्रींनी उपचार वाया जात नाहीत. ही भीतीच जास्त जागवते.

पायरी ७ : गोळी घ्यायची तर विचारून

स्टेरॉइडच्या दोन-तीन रात्रींपुरती झोपेची गोळी डॉक्टरांनी दिली तर ती घेण्यात कमीपणा नाही. धोका आहे तो घरातल्या डब्यातली कुणाचीतरी जुनी गोळी घेण्यात. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं चालू असताना लोराझेपाम, क्लोनाझेपाम किंवा झोल्पिडेम घेतलं तर श्वास मंदावू शकतो. दारूचंही तेच, शिवाय ती रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते. सर्दीच्या गोळ्यांनी येणारी गुंगी वयस्कर माणसांना भ्रमात टाकू शकते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं सगळं निर्धोक नसतं. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकान आणि इमॅटिनिब या कॅन्सरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटवते. भूक, मळमळ आणि झोप तिन्ही बिघडलं असेल तर मिर्टाझापीन या नैराश्यावरच्या औषधाबद्दल विचारून बघा. एकाच औषधात काम होण्याची शक्यता असते.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही आणि असं तीन महिने चाललंय, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये यासाठी पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठी सवयी आणि विचार बदलण्याचा मानसोपचार, सुचवला. चौथ्या-पाचव्या पायरीतल्या गोष्टी आणि झोपेविषयीच्या धास्तीवर काम, हे त्यात एकत्र येतं. तो सहसा काही आठवड्यांच्या भेटींत पूर्ण होतो आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ तो ऑनलाइनही देऊ शकतात. नुसती खोली अंधारी, फोन दूर, एवढ्या उपदेशावर जुना निद्रानाश सहसा जात नाही.

सकाळची वाट बघायची नाही, अशा रात्री

केमो चालू असताना जाग आली आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त भरला, थंडी वाजून आली, दम लागला, छातीत दुखलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर हा झोपेचा प्रश्न नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत चिघळतो. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर पलंगाशेजारी लिहून लावा आणि तेव्हाच फोन करा. जगण्यात अर्थ नाही असे विचार रात्री वारंवार येत असतील, तर तेही त्याच तातडीने सांगायचं.

आणि शेजारी झोपणाऱ्याचं काय? पेशंटच्या प्रत्येक हालचालीला उठणारं माणूस महिन्याभरात स्वतः आजारी पडतं. हाकेसाठी छोटी घंटा ठेवा, रात्री वाटून घ्या, आणि आठवड्यातून निदान दोन रात्री त्या माणसाला दुसऱ्या खोलीत झोपू द्या.