बॉयलरचा काटा तीनवर अडकला तेव्हा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलच्या सुताचं डाईंग आहे. वाफेला लाकडावरचा छोटा बॉयलर. एरवी सात किलोपर्यंत (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सात किलो दाब) जाणारा प्रेशर गेजचा काटा पावसाळ्यात तीनच्या वर सरकेना. रंगाच्या टाक्या तापायला दुप्पट वेळ लागायचा आणि रंग डागाळायचा.

आधी संशय लाकडावर. बाभळीचे ओंडके भिजलेले होते, फोडले की आत ओल. ओलं लाकूड बरीच आच स्वतःला वाळवण्यातच घालवतं. शेडमधलं सुकं लाकूड घातलं, काटा साडेतीनवर गेला. बस्स.

गेज ठीक होता. बॉयलर थंड करून आमच्या अटेंडंट मामांनी धुराच्या नळ्यांची झाकणं उघडली, तर आत बोटभर काजळी! आच नळीला लागतच नव्हती, गरम धूर तसाच चिमणीतून निघून जात होता. अर्धा दिवस तारेच्या ब्रशने एकेक नळी घासली. काटा साडेपाचवर.

उरलेलं कारण मात्र बॉयलरमध्ये नव्हतंच, आणि ते शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिसऱ्या टाकीचा स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडून वाफ आत अडवणारी झडप, उघडाच अडकला होता. त्यातून पाण्याऐवजी जिवंत वाफ गटारात चाललेली. ट्रॅपची चकती बदलली आणि दुपारपर्यंत काटा सातवर आला.

या सगळ्यात सेफ्टी व्हॉल्व्हला (प्रेशर जास्त झालं की वाफ सोडणाऱ्या झडपेला) मात्र कुणी हात लावू नका. कमी प्रेशरचा त्याच्याशी संबंध वाटला तरी ते काम अधिकृत माणसाचंच. आता आम्ही दर पंधरा दिवसांनी नळ्या झाडतो.