सार्वजनिक आरोग्यातलं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट अमेरिकेत कसं मिळवायचं?

न्यू जर्सी असो की बे एरिया, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत चार बीएएमएस, दोन बीडीएस आणि एखादी फिजिओथेरपिस्ट हमखास भेटते. जोडीदाराच्या नोकरीमागे अमेरिकेत आलेली ही मंडळी. बीएएमएसला इथे डॉक्टर म्हणून परवाना मिळण्याचा रस्ताच नाही. बीडीएसला आहे, पण लांबचा आणि महागडा. मग कोणीतरी सुचवतं, ‘पब्लिक हेल्थमध्ये काहीतरी कर ना!’ हा सल्ला चांगला आहे. फक्त त्यातलं ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवावं लागतं.

ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणजे पदव्युत्तर पातळीवरचे चार ते सहा कोर्स, साधारण १२ ते १८ क्रेडिट्स. पूर्ण एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ ही पदव्युत्तर पदवी) किमान ४२ क्रेडिट्सचं असतं. म्हणजे सर्टिफिकेट हा साधारण एमपीएचचा पहिला एक तृतीयांश हिस्सा झाला, आणि अनेक ठिकाणी वर्ग, शिक्षक, परीक्षा सगळं एमपीएचवाल्यांबरोबरच असतं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: पुढे एमपीएचमध्ये धरलं जाणारं सर्टिफिकेटच घ्यावं. अपवाद एवढाच, की तुम्ही आधीच हॉस्पिटलात, लॅबमध्ये किंवा क्लिनिकल रिसर्चमध्ये नोकरी करत असाल आणि बढतीसाठी हा एक कागद हवा असेल.

आधी चव घेऊन बघा

पैसे भरण्यापूर्वी सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा, एपिडेमिऑलॉजीचा (साथरोगशास्त्राचा) स्वयंअध्ययन अभ्यासक्रम उघडा. तो फुकट आहे. पहिले दोन धडे वाचून कंटाळा आला, तर तुमचे हजारो डॉलर वाचले असं समजा. एमबीबीएसवाल्यांना पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) हा विषय आठवेल, बीएएमएसवाल्यांना स्वस्थवृत्त. पण तिथे पाठांतर करून निभावलं होतं, इथे आकडेमोड करावी लागते.

नमुना म्हणून एक गणित बघा. समजा, लग्नाच्या जेवणानंतर लोकांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. बासुंदी खाल्लेल्या १०० जणांपैकी ४० आजारी पडले, न खाल्लेल्या ५० जणांपैकी ५. खाणाऱ्यांत आजाराचं प्रमाण ४० टक्के, न खाणाऱ्यांत १०. म्हणजे बासुंदी खाल्लेल्यांना धोका चौपट. आता हाच तक्ता मठ्ठ्याचा, पनीरच्या भाजीचा, पाण्याचा करायचा आणि कुठे फरक मोठा दिसतो ते बघायचं. पण थांबा. बासुंदी खाणारे बहुतेक जण पहिल्या पंगतीतले असतील आणि पहिल्या पंगतीचं पाणी वेगळ्या टाकीतलं असेल, तर? मग दोष बासुंदीचा की पाण्याचा? या घोळाला कन्फाउंडिंग म्हणतात, आणि पहिलं सेमिस्टर बरंचसं तो सोडवण्यात जातं. हे वाचताना तुम्हाला कागद-पेन घ्यावंसं वाटलं असेल, तर पुढे वाचा.

कोर्स कोणते असतात

पाच जुने खांब अजूनही बहुतेक ठिकाणी दिसतात: एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याची संख्याशास्त्र), पर्यावरण व आरोग्य, सामाजिक-वर्तनविषयक आरोग्य, आणि आरोग्य धोरण व व्यवस्थापन. काही विद्यापीठांनी ते मोडून एकत्र केले आहेत, त्यामुळे कोर्सची नावं वेगळी दिसली तर गोंधळू नका.

यातला बायोस्टॅट भल्याभल्यांना घाम फोडतो. बारावीनंतर गणिताशी काडीमोड घेतलेल्यांनी कोर्सच्या आधी दोन महिने एक्सेलमध्ये सरासरी, प्रमाण विचलन, आलेख एवढं तरी हाताखालून घालावं. कोर्समध्ये आर, सॅस किंवा स्टाटा यांपैकी एखादं सॉफ्टवेअर वापरतात. आर फुकट मिळतं, म्हणून सराव त्यावरच करा. धोरणाच्या कोर्समध्ये मात्र आपल्याकडच्यांची पंचाईत वेगळीच होते. मेडिकेअर कोणाचं, मेडिकेड कोणाचं, काउंटीचं आरोग्य खातं काय करतं आणि राज्याचं काय, हे अमेरिकी वर्गमित्रांना निदान ऐकून माहीत असतं. आपण शून्यातून सुरू करतो.

विद्यापीठ निवडताना

पहिली चाळणी सीईपीएचची (कौन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ). सार्वजनिक आरोग्याच्या शाळांना आणि अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ही संस्था १९७४ पासून काम करते आहे, आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी तिच्या वेबसाइटवर आहे. विद्यापीठाला एकूण मान्यता असणं वेगळं आणि त्याच्या पब्लिक हेल्थ विभागाला सीईपीएचची मान्यता असणं वेगळं. जाहिरातीत पहिलीच गोष्ट ठळक छापलेली असते.

दुसरी चाळणी स्वतः करायची. प्रवेश विभागाला ईमेल करा आणि विचारा: ही क्रेडिट्स तुमच्याच एमपीएचमध्ये सगळी धरली जातात का? किती वर्षांच्या आत प्रवेश घ्यावा लागतो? किमान ग्रेड किती लागते? मी राहते त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन प्रवेश मिळतो का? उत्तर फोनवर मिळालं तरी लेखी मागा. ‘ट्रान्सफर होऊ शकतात’ आणि ‘होतात’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि प्रवेश सल्लागार पहिला शब्दप्रयोग फार सराईतपणे वापरतात.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. क्रेडिटचा दर गुणिले क्रेडिट्स, अधिक प्रत्येक सेमिस्टरची वेगळी फी. समजा दर ९०० डॉलर आणि १५ क्रेडिट्स, तर १३,५०० झाले आणि वर तंत्रज्ञान फी वगैरे. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशाचा दर बराच कमी असतो. व्हिसावर असलेल्यांना तो मिळतो की नाही, हे राज्याच्या आणि विद्यापीठाच्या नियमांवर ठरतं. ‘आपल्याला कुठे मिळणार’ म्हणून सोडून देऊ नका, विचारा.

व्हिसाचं भान

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकायला परवानगी आहे, अर्धवेळही चालतं. नोकरीची परवानगी मात्र सरसकट नाही, त्यासाठी वेगळं ईएडी (कामाचं परवानापत्र) लागतं आणि ते ठरावीक परिस्थितीतच मिळतं. तेव्हा शिकून झाल्यावर काम करता येईल का, हा प्रश्न आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

पुण्यात किंवा नाशकात बसून पूर्ण ऑनलाइन सर्टिफिकेट करायचं असेल, तर व्हिसा लागतच नाही. पण अशा सर्टिफिकेटच्या जोरावर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळेल ही आशाही ठेवू नका. एफ-१ ला पूर्णवेळ हजेरी लागते आणि त्यात एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स धरला जातो.

अर्ज

सर्टिफिकेटसाठी बहुतेक ठिकाणी जीआरई ही प्रवेश परीक्षा मागत नाहीत. लागतं ते असं: पदवीची गुणपत्रकं, त्यांचं अमेरिकी पद्धतीत मूल्यमापन, एक-दोन शिफारसपत्रं, बायोडेटा, उद्देशपत्र आणि गरज असल्यास टोफेल किंवा आयईएलटीएस. वेळ खातं ते मूल्यमापन. डब्ल्यूईएससारख्या संस्थेला विद्यापीठाकडूनच अधिकृत ट्रान्सक्रिप्ट हवं असतं. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. त्याआधी शिकलेल्यांना त्यांच्या जुन्या विद्यापीठाकडे जावं लागतं. भारतात कोणी भाऊ, मेव्हणी, कॉलेजची मैत्रीण असेल तर तिला अधिकारपत्र देऊन हे काम सोपवा, आणि अर्जाच्या मुदतीच्या चार-पाच महिने आधी सुरुवात करा. तीन वर्षांची बी.एस्सी. काही विद्यापीठं चार वर्षांच्या अमेरिकी पदवीच्या तोडीची मानत नाहीत, तेव्हा फी भरण्याआधी तेही विचारून घ्या.

उद्देशपत्रात ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ लिहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या इंटर्नशिपमध्ये लसीकरणाच्या दिवशी काय बघितलं, आशाताई घरोघरी गेल्यावर कोणत्या घरी दार उघडलं जायचं नाही आणि का, हे लिहा. हा अनुभव तुमच्या बहुतेक अमेरिकी वर्गमित्रांकडे नसतो. १८९७ च्या मुंबईच्या प्लेगमध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेल्या-न टोचलेल्या कैद्यांची तुलना केली, ही गोष्ट वर्गात कधी सांगितलीत तर बघा, सगळे कान टवकारतात.

अभ्यास सुरू झाल्यावर

तीन क्रेडिटच्या कोर्सला पंधरा आठवडे दर आठवड्याला नऊएक तास द्यावे लागतात. तोच कोर्स आठ आठवड्यांत दाबून बसवला असेल तर सतरा तास. घरात लहान मूल असेल तर पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या, आणि तो एपिडेमिऑलॉजीचा असू द्या. बायोस्टॅट त्याच्यानंतर घेतलात तर आकडे कशासाठी मोजतोय ते कळतं. सरासरी ग्रेड ‘बी’च्या खाली जाऊ देऊ नका, बहुतेक ठिकाणी त्याखाली सर्टिफिकेट अडतं.

एक भ्रम मात्र काढून टाका. या सर्टिफिकेटने रुग्ण तपासायचा परवाना मिळत नाही आणि नावापुढे सीपीएच (सर्टिफाइड इन पब्लिक हेल्थ) ही लागत नाही. सीपीएच ही वेगळी परीक्षा आहे आणि तिला बसायचे पात्रतेचे निकष वेगळे आहेत. सर्टिफिकेटचा उपयोग काउंटीच्या आरोग्य खात्यातल्या, हॉस्पिटलच्या संसर्ग-नियंत्रण विभागातल्या किंवा संशोधन समन्वयकाच्या सुरुवातीच्या जागांसाठी अर्ज करताना होतो, तोही आधीच्या पदवीच्या आणि अनुभवाच्या जोडीने.

शेवटचा कोर्स संपला की कागद आपोआप घरी येईल, असं अनेक विद्यापीठांत होत नाही. पदवीसाठी करतात तसा वेगळा अर्ज भरावा लागतो आणि त्याची तारीख शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच असू शकते. एमपीएचला जायचं पक्कं असेल तर त्याच शिक्षकांकडून शिफारसपत्रं त्याच वेळी मागून ठेवा. सत्र संपल्यावर तीनशे विद्यार्थ्यांतून तुमचा चेहरा त्यांना आठवायचा नाही.