झोलाची ‘तेरेज राकां’ वाचताय? या चुका टाळा

ही कादंबरी हातात घेणारे बरेच जण एकाच वळणावर घसरतात. खुनाची गोष्ट म्हणून सुरुवात करतात आणि खून झाला की पुस्तक मिटायच्या बेतात येतात. फ्रेंच लेखक एमिल झोलाने 1867 मध्ये लिहिलेल्या या कादंबरीत 32 प्रकरणं आहेत. पॅरिसजवळच्या सेंतुआँपाशी तेरेजच्या नवऱ्याला, कामीयला, नावेतून सीन नदीत ढकललं जातं ते अकराव्या प्रकरणात. म्हणजे दोन तृतीयांश पुस्तक त्यानंतर आहे, आणि खरी कादंबरी तिथेच आहे.

त्याआधीची चूक म्हणजे सुरुवातीची पानं चाळून पुढे जाणं. ‘वर्णन फार आहे’ ही तक्रार ऐकून माझे कान किटलेत. पॅरिसमधला पाँ-नफचा तो बोळ जेमतेम तीस पावलं लांब आणि दोन पावलं रुंद. पिवळट, झिजलेल्या, सदा ओलसर फरशा, वर धुळीने काळं पडलेलं काचेचं छप्पर. राकांबाईंचं, म्हणजे कामीयच्या आईचं, दोरे-सुया-टोप्यांचं दुकान तिथलं. तेरेज दिवसभर त्या अंधारात बसते आणि दर गुरुवारी डॉमिनोज खेळायला तीच माणसं येतात. ही दमट हवा अंगात भिनली नाही, तर लोराँ नावाचा धडधाकट माणूस, तिचा पुढचा प्रियकर आणि कामीयचा खुनी, दारात आल्यावर तिचं काय होतं ते कळणारच नाही. मी ही पानं मोठ्याने वाचतो, आपोआप वेग कमी होतो.

आता सर्वांत मोठी चूक: यात पाप-पुण्य आणि पश्चात्ताप शोधणं. आमच्या वाचनगटात एक तरुण आला होता, नेटवरचा अर्ध्या तासाचा सारांश ऐकून. तावातावाने म्हणाला, तेरेजला पश्चात्ताप होतो, ती सासूच्या पायाशी रडून माफी मागते. आणखी दोघांनी माना डोलावल्या. मी एकोणतिसावं प्रकरण उघडून वाचायला दिलं. राकांबाई तोवर लकव्याने पांगळ्या, मुक्या झालेल्या. मुलाला कुणी मारलं हे त्यांना कळलेलं. तेरेज रोज त्यांच्यासमोर गुडघे टेकते, हुंदके देते, त्यांचे मुके घेते आणि आपल्याला क्षमा मिळाली असं स्वतःच ठरवून हलकी होऊन उठते. म्हातारी तिच्या रोजच्या वापरातली वस्तू झाली, प्रार्थनेला गुडघे टेकायच्या चौरंगासारखी, असं झोला स्वच्छ लिहितो. आणि त्या बाईला किळस येतेय, पण तोंड फिरवता येत नाही. तो तरुण म्हणाला, “हे सारांशात नव्हतंच.” नसणारच. सारांशात घटना उरते, आणि झोलाची सगळी ताकद ती घटना शरीरात कशी चालते हे दाखवण्यात आहे.

म्हणून मी पेन्सिल घेऊन बसतो आणि जिथे शरीर येतं तिथे खूण करतो. बुडताना कामीयने लोराँच्या मानेला घेतलेला चावा बघा. लग्नाच्या दिवशी कडक कॉलर त्यावर घासते, रात्री तो तिथेच तेरेजला मुका घ्यायला लावतो. एवढ्या एका खुणेचा माग काढला तरी निम्मी कादंबरी हाताला लागते.

बाकीच्या चुका छोट्या. शवागाराचं प्रकरण गाळू नका. प्रेतं बघायला तिथे नाटकाला जमावी तशी गर्दी होते, ते बघा. कामीय दुबळा म्हणून त्याची नुसती कीव करत बसू नका, तो आत्ममग्नही आहे. ही कादंबरी झोलाच्या 20 खंडांच्या रुगाँ-माकार मालिकेतली नाही. ती मालिका 1871 मध्ये सुरू झाली. आणि मार्सेल कार्नेचा 1953 चा सिनेमा पाहून पुस्तक झालं असं समजू नका; त्यात गोष्ट 1950 च्या दशकातल्या लिआँ शहरात नेली आहे.

शेवटी प्रस्तावना. ‘फिगारो’ या फ्रेंच वृत्तपत्रात या पुस्तकाला सडकं साहित्य म्हटलं गेलं, तेव्हा झोलाने 1868 च्या दुसऱ्या आवृत्तीला ती उत्तरादाखल जोडली. आपण स्वभावांचा नव्हे, प्रकृतींचा अभ्यास केला, या दोघांचा पश्चात्ताप म्हणजे मज्जासंस्थेतला बिघाड, आणि यात आत्मा मुळीच नाही कारण मला तो नकोच होता, असं तो त्यात ठणकावून सांगतो. पण ती आधी वाचू नका. प्रस्तावना असलेलीच आवृत्ती घ्या, बत्तिसावं प्रकरण संपवा आणि त्याच बैठकीत ती वाचा.