पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव कसं घालायचं: जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पदवीधरांसाठी

"मनं नाव ते यादीमा शेच," असं म्हणून खान्देशातले कितीतरी पदवीधर निर्धास्त राहतात आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत येतात. नाव असतं खरं, पण ते विधानसभेच्या यादीत. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीला ती पूर्ण नव्याने तयार होते. ३० जानेवारी २०२३ ला तुम्ही मत दिलं असेल, तरी ते नाव पुढच्या यादीत आपोआप येत नाही. अर्ज पुन्हा भरायचा.

आपला मतदारसंघ नाशिक विभागाचा. त्यात नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे पाच जिल्हे येतात. आमदाराची मुदत सहा वर्षांची, त्यामुळे पुढची नियमित निवडणूक २०२९ च्या सुरुवातीला येते. तिच्यासाठी अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०२८ हा राहील. सगळा हिशेब या तारखेवरून करायचा.

अटी दोनच. या तारखेच्या किमान तीन वर्षं आधी भारतातल्या विद्यापीठाची पदवी किंवा तिच्याशी समकक्ष ठरवलेली अर्हता मिळालेली हवी, आणि तुमचा सर्वसाधारण रहिवास या पाच जिल्ह्यांत हवा. तीन वर्षं मोजायची ती विद्यापीठाने निकाल जाहीर केला त्या दिवसापासून, पदवीदान समारंभापासून नाही. म्हणजे २०२५ च्या उन्हाळी परीक्षेचा निकाल १ नोव्हेंबर २०२५ च्या आत लागला असेल तर तुम्ही बसता, मग पदवीचा कागद हातात केव्हाही पडलेला असो.

पदवी कुठली यापेक्षा राहता कुठे याला महत्त्व आहे. सुरतेत शिकून नवापूरला राहणारा पात्र आहे. जळगावात शिकून सुरतेत स्थायिक झालेला नाही. सीमेवरच्या गावांत इथेच गोंधळ होतो: मुक्ताईनगर, बोदवड आपल्याकडे, पण शेजारचं मलकापूर अमरावती विभागात. चाळीसगाव, पाचोरा आपल्याकडे, पण कन्नड, सोयगाव छत्रपती संभाजीनगर विभागात.

अर्ज नमुना १८ मध्ये करायचा. मतदार नोंदणी अधिकारी नाशिकचे विभागीय आयुक्त असतात, पण त्यासाठी नाशिकला जायची गरज नाही. जिल्हाधिकारी, प्रांत आणि तहसील कार्यालयांत पदनिर्देशित अधिकारी नेमलेले असतात, तिथेच अर्ज द्या. सोबत रंगीत पासपोर्ट फोटो, पदवी प्रमाणपत्राची किंवा शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेची प्रत आणि रहिवासाचा पुरावा लागतो. पदवीची प्रत साक्षांकित हवी. मूळ कागद सोबत नेला तर पदनिर्देशित अधिकारी तो पाहून प्रत प्रमाणित करतात, नाहीतर राजपत्रित अधिकारी किंवा नोटरीकडून करून घ्यावी. मूळ कागद कार्यालयात ठेवून येऊ नका.

जुन्या पदवीधरांनी एक लक्षात घ्यावं. जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या खान्देशातल्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या आहेत. प्रमाणपत्र हरवलं असेल तर दुसरी प्रत मागायला जळगावला हेलपाटा घालू नका, अर्ज पुण्याला करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. हे काम ऑक्टोबरच्या आधीच उरकलेलं बरं.

सगळ्यात जास्त अडचण होते ती लग्न झालेल्या बायकांची. गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, मतदार कार्डावर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. तपासणाऱ्याच्या टेबलावर या दोन वेगळ्या बायका ठरतात आणि अर्ज बाजूला पडतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातल्या नावबदलाची प्रत अर्जालाच टाचून द्या. मग तो कागद मागायला कुणी थांबवत नाही. शिकलेल्या मुली आपल्याकडे घरोघरी आहेत आणि एका कागदापायी त्यांचं मत जातं, याचं फार वाईट वाटतं.

या नोंदणीला कुठल्याही पक्षाचं सभासद असावं लागत नाही. नमुना १८ मध्ये पक्षाचा रकानाच नाही. तरीही कार्यकर्ते गठ्ठ्याने अर्ज भरून घेत फिरतात. त्यांच्याकडून कोरा नमुना घ्यायला हरकत नाही, भरलेला अर्ज मात्र त्यांच्या हाती देऊ नका. राजकीय पक्षाने गठ्ठ्याने आणलेले अर्ज स्वीकारायचे नाहीत असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. घरातल्या एकाने घरच्या सगळ्यांचे अर्ज नेलेले चालतात, आणि संस्थाप्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे एकत्र पाठवू शकतात. अर्ज दिल्यावर पोच घ्या, जपून ठेवा. खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. १ ऑक्टोबरला जाहीर सूचना, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अर्ज, त्याच महिन्याच्या अखेरीकडे प्रारूप यादी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दावे-हरकतींची मुदत संपते आणि ३० डिसेंबरच्या सुमारास अंतिम यादी. प्रारूप यादी तहसीलला जाऊन स्वतः बघा. नाव नसेल तर दाव्यांच्या मुदतीत पुन्हा नमुना १८ देता येतो.

शिक्षक मतदारसंघ वेगळा, त्याचा नमुना १९. माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवलेलं हवं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी त्यात बसत नाहीत, पण पदवीधर असतील तर नमुना १८ भरू शकतात.

आता मतदान. इथे यंत्र नसतं, कागदी मतपत्रिका असते आणि तिच्यावर चिन्ह नसतं. केंद्रही नेहमीचं नसतं, आधी विचारून ठेवा. केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केच पेन देतात, त्यानेच लिहायचं. स्वतःच्या पेनने लिहिलेलं मत बाद होतं. पसंतीच्या उमेदवारासमोरच्या चौकोनात १ हा आकडा घाला. हा आकडा एकाच नावासमोर हवा. मग वाटलं तर इतरांना २, ३ द्या. ते ऐच्छिक आहे, पण द्यावेत असं आमचं मत आहे. निवडून यायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतं. ते कुणालाच मिळालं नाही की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. पुढची पसंती लिहिलीच नसेल तर तुमची मतपत्रिका तिथेच थांबते.

बरोबरची खूण, फुली, अक्षरात लिहिलेलं 'एक', सही, अंगठा यांतलं काहीही मतपत्रिकेवर नको. शिकलेल्यांची मतं नेमकी यातच बाद होतात, कारण सवयीने हात सही करायला जातो.