टेप सारखी निघते? या चुका टाळा

टेप निघाली की आपण दुकानात जाऊन म्हणतो, "याच्याहून कडक द्या." पण आधी निघालेली टेप उलटी करून बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. गोंद टेपवर जसाच्या तसा असेल, तर तो पृष्ठभागाला धरलाच नव्हता. गोंद फाटून दोन्हीकडे लागला असेल, तर वजन किंवा उष्णता त्याला झेपली नाही. आणि टेपबरोबर भिंतीचा रंगच सोलून आला असेल, तर टेपने आपलं काम चोख केलंय. कच्चा होता तो रंग. नाशिकच्या सिडकोतल्या जुन्या घरांत डिस्टेंपरवर आरसा चिकटवणाऱ्यांचा अनुभव बहुतेक हाच. तिथे कितीही महाग टेप आणा, आरसा पडणारच. सरळ ड्रिल मारून स्क्रू लावा.

दुसरी चूक म्हणजे बोट लावून टेपची ताकद ठरवणं. बोटाला कळतो तो फक्त पहिला चिकटपणा. टेप कडेने सोलताना लागणारा जोर वेगळा आणि लटकलेलं वजन तासन्‌तास धरून ठेवणं वेगळं. हाताला चिकचिकीत लागणारी टेप बऱ्याचदा वजनाखाली हळूहळू घसरते. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपसाठी (दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड, मऊ टेप) ढोबळ हिशोब असा, की एक किलो वजनाला सुमारे 55 चौरस सेंटिमीटर टेप हवी. म्हणजे दोन किलोची पाटी 12 मिलिमीटर रुंद टेपने लावायची तर साधारण 92 सेंटिमीटर लांबी लागते. चार कोपऱ्यांत चार तुकडे लावून भागत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत टेपची डेटाशीट (कंपनीने दिलेला माहितीचा तक्ता) बघून खरेदी होते, हे चांगलंच. फक्त त्यातला चिकटण्याचा आकडा बहुधा स्वच्छ स्टीलवर घेतलेला असतो. तुमचा माल पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचा असेल, तर तो आकडा विसरा. या प्लास्टिकची पृष्ठभाग-ऊर्जा, म्हणजे गोंदाला ओढून धरण्याची पृष्ठभागाची ताकद, 30 डाइन प्रति सेंटिमीटरच्या आसपास, धातूची शेकड्यांत. ऊर्जा कमी असली की गोंद पसरत नाही, मेणचट पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बसतो. पॉलिहाऊसचा कागद साध्या टेपने सांधला तर का टिकत नाही, त्याचं मोठं कारण हेच. अशा कामासाठी पॉलिथिनला चालणारी टेप मागायची किंवा आधी प्रायमर, म्हणजे पकड वाढवणारा पातळ थर, लावायचा. पावडर कोटिंगवरही आधी तुकडा लावून बघावा.

आता थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाड-ओझरकडे पारा कधीकधी पाचच्याही खाली जातो, आणि बऱ्याचशा ॲक्रिलिक टेपा दहा अंशांखाली नीट धरत नाहीत. गोंद कडक झाल्यामुळे खाचाखोचांत शिरत नाही. भल्या पहाटे शेडमध्ये लावलेली टेप दुपारी सुटते ती त्यामुळे. द्राक्षाच्या खोक्यांना टेप प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल गार करण्याच्या आधी, कोरड्या पुठ्ठ्यावर लावलेली बरी. थंड खोकं बाहेर काढलं की त्यावर दव धरतं आणि ओल्या पुठ्ठ्यावर कुठलीच पॅकिंग टेप नीट बसत नाही. पुनर्वापराच्या कागदाचा पुठ्ठा असेल तर त्याची धूळही नडते. अशा वेळी लोक जास्त मायक्रॉनची, म्हणजे जास्त जाडीची टेप मागतात. पण त्या आकड्यात फिल्मची जाडीही धरलेली असते, त्यामुळे गोंद किती आहे तेही विचारा.

लावण्याची पद्धतही बघा. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा. थिनर नको, काही प्लास्टिक त्याने खराब होतं. मग रोलरने किंवा अंगठ्याने चांगली दाबा, कारण हा गोंद दाबानेच धरतो. फोम टेपची पकड वीस मिनिटांत साधारण निम्मी आणि पूर्ण व्हायला सुमारे 72 तास लागतात. त्यामुळे जड वस्तूला लगेच हात सोडून मोकळं होऊ नका, खालून टेकू द्या.

मास्किंग टेपचं मात्र उलट: ती वेळेवर काढायची असते. उन्हात राहिली की गोंद वाळून बसतो आणि मग खरवडत बसावं लागतं.