पावसाळा, ट्रस रॉड आणि घाई : गिटारची घरगुती दुरुस्ती करताना या चुका टाळा

जूनमध्ये मुंबईत पाऊस स्थिरावला की गिटार वाजवणाऱ्यांची एक ठरावीक तक्रार ऐकू येऊ लागते : मे महिन्यापर्यंत हाताला हलकी असलेली गिटार जड झाली, तारा उंच गेल्या आणि बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा) धरताना बोटे दुखू लागली. पुष्कळ जण यावरून मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, वाकली असा निष्कर्ष काढतात आणि ॲलन की घेऊन ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळई, आवळायला बसतात. घरगुती दुरुस्तीत सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण बहुतेक वेळा बिचारी मान जागच्या जागी असते.

लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. अकूस्टिक गिटारचा पुढचा पातळ तक्ता असा फुगला की ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे धडाला अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीच्या, मागे त्याला पोट येते, ब्रिज वर उचलला जातो आणि त्याबरोबर ताराही वर जातात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, तर आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. अशा वेळी ट्रस रॉड आवळला तर उंची किंचित कमी झाल्यासारखी वाटते खरी, पण मान गरजेपेक्षा सरळ होते. मग डिसेंबरात हवा कोरडी होऊन तक्ता खाली बसला की पहिल्या चार-पाच फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) तारा खरखरू लागतात आणि दोष मात्र तारांना दिला जातो. म्हणून पावसाळ्यात आधी गिटार ओल आलेल्या भिंतीवरून उतरवावी, सिलिका जेलच्या पुड्या घालून केसमध्ये बंद ठेवावी, शक्य असल्यास आत छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि आठवडाभर वाट पाहावी. एसीच्या झोताखाली ती उभी करणे हा उपाय नव्हे.

ट्रस रॉडचे काम तारांची उंची ठरवण्याचे नसून मानेचा बाक ठरवण्याचे आहे, आणि तो बाक डोळ्यांनी पाहून कळत नाही. गिटार सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, जाडी तार मान आणि धड जुळतात तेथील फ्रेटवर दाबून धरावी आणि सातव्या फ्रेटचा माथा व तार यांच्यातील फट मोजावी. ती ०.२ ते ०.३ मिलिमीटर भरली तर ट्रस रॉडला हात लावण्याचे कारणच उरत नाही. त्यासाठी लागणारे फीलर गेज, म्हणजे मोटार मेकॅनिक वापरतात ती पातळ पात्यांची जुडी, नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानांत मिळते. गिटारचे खास साधन म्हणून विकले जाणारे महागडे गेज घेण्याची गरज नाही. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट उजवीकडे आणि कमी असेल तर डावीकडे फिरवावा, मात्र एका वेळी पाव फेराच. नंतर पुन्हा सूर लावून मोजावे. नट अडतो आहे असे जाणवले तर तेथेच थांबावे, कारण तुटलेला ट्रस रॉड घरी दुरुस्त होत नाही.

क्रम चुकवणे ही दुसरी चूक. आधी बाक, मग तारांची उंची आणि शेवटी इंटोनेशन (म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणे), कारण पहिल्या दोन्हींत बदल झाला की तिसरे आपोआप बिघडते. बाराव्या फ्रेटवर अकूस्टिकची जाडी तार सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तार सुमारे दोन मिलिमीटर उंच असावी. उंची सॅडलचा, म्हणजे ब्रिजवर तारा ज्या पट्टीवर टेकतात तिचा, तळ घासून कमी करतात आणि येथे हिशेब चुकतो : बारावा फ्रेट तारेच्या निम्म्यावर असल्याने तेथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावा लागतो. पेन्सिलीने रेघ मारून, सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, सॅडल उभा धरून घासावा. मी पहिल्यांदा तो हातातच धरून घासला, तळ गोलसर झाला आणि सॅडलखालच्या पिकअपमधून (ॲम्पकडे आवाज पाठवणाऱ्या भागातून) दोन तारांचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. शेवटी नवा सॅडल आणावा लागला.

तंबोऱ्यात जवारी मुद्दाम साधावी लागते. गिटारमध्ये तसाच झणकार नको तेथे येतो आणि त्याचे ठिकाण न शोधता उपाय करणे व्यर्थ ठरते. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या नटची खाच खोल गेलेली असते, एकाच फ्रेटवर आवाज येत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उंचावलेला असतो, आणि धडाजवळच्या फ्रेटवरच खरखर असेल तर उंची फार कमी झालेली असते. एकदा एक संपूर्ण संध्याकाळ मी फ्रेट तपासण्यात घालवली. नंतर तार छेडून एकेका भागावर बोट ठेवत गेलो, तेव्हा तिसऱ्या खुंटीला बोट लागताच आवाज थांबला. तिचा बारीक स्क्रू ढिला होता.

फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावू नये. ते कालांतराने खवट होते आणि वर धूळ धरते. रोझवूडला लेमन ऑइलचे दोन-तीन थेंब वर्षातून दोनदा पुरतात, तर लॅकर दिलेल्या मेपलला तेल लागतच नाही. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा चढवणे हा तर सरळ विध्वंस आहे, कारण स्टीलच्या तारांचा एकत्रित ताण नायलॉनपेक्षा कितीतरी अधिक असतो आणि तो सोसण्यासाठी तिचा तक्ता बांधलेलाच नसतो.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये जॅकचा (केबल खुपसायच्या खोबणीचा) नट ढिला झाला की लोक तो बाहेरून नुसता फिरवतात. आत जॅकही फिरतो, त्याच्या वायरींना पीळ बसतो आणि सोल्डर सुटते. आतून जॅक धरूनच नट आवळावा. करकरणाऱ्या व्हॉल्यूम पॉटला, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या कळीला, लॅमिंग्टन रोडवर मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीस-तीस वेळा पूर्ण फिरवला तर बहुधा नवा पॉट घ्यावा लागत नाही. गुणगुण थांबवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. त्याने जीव जाऊ शकतो.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का, हे मात्र दर पावसाळ्यात पाहावे. सरकत असेल तर तेथे झटपट चिकटणारा गोंद सोडू नये, कारण तो वाळला की कारागिराला जुना थर खरवडताना तक्त्याचे लाकूडही काढावे लागते. त्याच दिवशी तारा सैल कराव्यात आणि गिटार कारागिराकडे न्यावी.